पिवळे, पांढरे, गुलाबी : सोन्याच्या तीन रंगांचा तीन वर्षांचा अनुभव

मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने नोव्हेंबर 2022 पासून 2023 च्या गुढीपाडव्यापर्यंत आमच्या घरात सोन्याचे तीन डाग आले आणि ते तिन्ही वेगवेगळ्या रंगांचे होते. साखरपुड्याची एका हिऱ्याची अंगठी पांढऱ्या सोन्याची, 18 कॅरेटची. लग्नातल्या पाटल्या पिवळ्या, 22 कॅरेटच्या. आणि पाडव्याला घेतलेले हातातले मंगळसूत्र, म्हणजे काळ्या मण्यांचे नाजूक ब्रेसलेट, गुलाबी सोन्याचे आणि पुन्हा 18 कॅरेटचे. अंगठी पुण्यातल्या एका मोठ्या दालनातून घेतली, तर पाटल्या आणि ब्रेसलेट कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे तिथल्या सराफ बाजारातल्या, एका जुन्या पेढीवरून. मुलगी ठाण्याला राहते, रोज लोकलने कामावर जाते, घरी आल्यावर कणीक मळते आणि अंगठी व ब्रेसलेट झोपतानासुद्धा काढत नाही. पाटल्या मात्र सणावारी आणि लग्नकार्यातच बाहेर निघतात. तीन वर्षांच्या अशा वापरानंतर या तीन रंगांचे काय झाले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण सोने घेताना आम्ही भाव, घडणावळ आणि शुद्धता यांची चौकशी बारकाईने केली, पण रंगाविषयी विचारायचा जो एकच महत्त्वाचा प्रश्न होता तो आम्हाला तेव्हा सुचला नाही. तो प्रश्न असा की, हा रंग धातूच्या अंगातला आहे की वरून चढवलेला आहे?

प्रथम रंग येतो कोठून ते पाहू. शुद्ध सोने पिवळेच असते आणि धातूंमध्ये ही गोष्ट विरळा आहे. सोन्याच्या अणूचे केंद्रक इतके जड असते की त्याच्या अगदी जवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात; या वेगाचा परिणाम बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवर होतो आणि त्यामुळे सोने प्रकाशातला निळा भाग शोषून घेते. उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. चांदी असा निळा भाग शोषत नाही, म्हणून ती पांढरी. शुद्ध सोने दागिन्याला फार मऊ पडते, म्हणून त्यात दुसरा धातू मिसळतात आणि या मिसळीतच रंगाचा खेळ आहे. चांदी वाढवली की सोने फिकट आणि किंचित हिरवट होत जाते, तांबे वाढवले की लालसर होत जाते, आणि निकेल किंवा पॅलेडियम मिसळले की पिवळेपणा मरतो.

यातून एक गोष्ट आपोआप निघते, जी मला कोणत्याही दुकानात कोणी सांगितली नव्हती. 22 कॅरेटच्या सोन्यात हजार भागांपैकी 916 भाग सोने असते, म्हणजे रंग बदलण्यासाठी शेकडा साडेआठ भागांचीसुद्धा जागा उरत नाही. एवढ्याशा जागेत तांबे भरले तर सोने थोडे तांबूस होईल, पण ते पांढरे होणे शक्य नाही. 18 कॅरेटमध्ये मात्र चौथा हिस्सा इतर धातूंचा असतो आणि म्हणून पांढरे व खऱ्या अर्थाने गुलाबी सोने 18 किंवा त्याहून कमी कॅरेटमध्येच घडते. बाजारात 22 कॅरेटच्या बांगड्यांवर आणि साखळ्यांवर जी पांढरी चकचकीत फुले किंवा रेघा दिसतात, त्या पिवळ्या सोन्यावर चढवलेल्या ऱ्होडियम या पांढऱ्या धातूच्या थराच्या असतात. माझ्या जावेच्या बांगड्यांवरची अशी फुले वापरून वापरून पूर्ण पुसली गेली आणि खालचे पिवळे सोने वर आले. बांगड्यांचे मोल तसूभरही कमी झाले नाही, पण ज्या नक्षीसाठी तिने त्या निवडल्या होत्या ती नक्षी राहिली नाही.

आता पांढऱ्या अंगठीविषयी. तिच्यावर मी सर्वांत अधिक लिहिणार आहे, कारण सर्वांत अधिक गैरसमज या रंगाविषयी आहेत. पुण्याच्या दालनात हिऱ्यांच्या विभागात अगदी पांढरे, प्रखर दिवे होते आणि त्या उजेडात ती अंगठी आरशासारखी लखलखत होती. विक्रेत्या मुलीने अतिशय नम्रपणे सगळे दाखवले, हॉलमार्क भिंगातून दाखवला, हिऱ्याचे प्रमाणपत्र दाखवले, आणि पांढरे सोने कशावरही शोभते असे सांगितले. ही पांढरी झळाळी सोन्याची स्वतःची नसून तिच्यावर चढवलेल्या ऱ्होडियमच्या पातळ थराची आहे, हे मात्र तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पांढरे सोने म्हणून जे ओळखले जाते ते घडवल्यानंतर प्रत्यक्षात किंचित पिवळसर किंवा करड्या छटेचे दिसते. दुकानात दिसणारा शुभ्र रंग त्याला ऱ्होडियममुळे येतो. ऱ्होडियम हा प्लॅटिनमच्या कुळातला, अत्यंत कठीण आणि चकचकीत धातू आहे. त्याच्या क्षारांचा रंग गुलाबी असतो, म्हणून त्याला गुलाबाच्या ग्रीक नावावरून हे नाव मिळाले. पांढरेपणा देणाऱ्या धातूचे नाव गुलाबावरून असावे हे मला फार आवडले. हा थर साधारणतः एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, म्हणजे कागदाच्या जाडीचा शंभरावा भागसुद्धा नाही.

चौदाव्या महिन्यात मुलीचा फोन आला, "आई, अंगठी खालून पिवळी पडली आहे, आपल्याला फसवलं तर नाही ना?" फसवले नव्हते. लोकलमधली दांडी, डब्याचे झाकण, कढईचा कान, पिशव्यांचे बंद हे सगळे तळहाताच्या बाजूला घासले जाते, आणि अंगठीच्या त्या बाजूचा थर झिजून खालचा मूळ रंग दिसू लागला होता. दालनात नेल्यावर "मॅडम, हे नॉर्मल आहे, पॉलिश करून देतो," असे उत्तर मिळाले. दोन दिवस अंगठी ठेवून घेतली, नऊशे रुपये घेतले आणि ती पुन्हा पहिल्यासारखी शुभ्र करून दिली. काम चांगले झाले याबद्दल शंका नाही. परंतु वर्षा-दीड वर्षाने हे करावे लागते ही बाब खरेदीच्या वेळी सांगण्याजोगी होती, आणि ती न सांगणे हा मी त्या दालनाचा दोष मानते. दुसऱ्यांदा हाच प्रकार 2025 च्या पावसाळ्यात झाला आणि तेव्हा बाराशे रुपये लागले. नवा थर चढवण्याआधी अंगठी घासून गुळगुळीत करतात. त्या घासण्यात दर वेळी अगदी थोडे सोने जाते आणि हिऱ्याला धरून ठेवणाऱ्या बारीक नख्याही पातळ होतात. म्हणून असे काम करून घेताना नख्या तपासून घ्याव्यात आणि खडा हलत नाही ना ते बघावे, असा माझा आग्रह आहे.

पांढऱ्या सोन्याच्या बाबतीत दुसरा प्रश्न निकेलचा आहे. काही जणांच्या त्वचेला निकेल सोसत नाही आणि दागिन्याखाली खाज, लाली, पुरळ असे त्रास होतात. नकली कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांनी विशेष सावध राहावे, कारण त्यामागे बहुधा निकेलच असते. युरोपात सतत त्वचेला लागून राहणाऱ्या दागिन्यांमधून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल बाहेर पडू नये असा कायदाच आहे. ऱ्होडियमचा थर शाबूत असेपर्यंत तो अडसरासारखा काम करतो, पण थर झिजला की आतला धातू त्वचेला लागतो. आमच्या सुदैवाने अंगठीत पॅलेडियम निघाले, तेही मी दुसऱ्या खेपेला खोदून विचारले तेव्हा कळले. पॅलेडियम स्वतःच मौल्यवान असल्यामुळे असे पांढरे सोने थोडे महाग पडते. माझ्या मते तो वाढीव खर्च योग्य आहे आणि तशी स्पष्ट नोंद पावतीवर घ्यावी.

ज्यांना अंतर्बाह्य पांढराच दागिना हवा आहे त्यांनी प्लॅटिनम बघावे. ते झिजले तरी पांढरेच राहते. त्यावर ओरखडे उमटतात आणि कालांतराने झळाळी जाऊन एक मंद पोत येतो, पण रंग हलत नाही. ते सोन्याहून जड असल्याने तीच अंगठी बोटात अधिक भारी लागते आणि हे वजन काहींना आवडते, काहींना नाही. पांढऱ्या सोन्याचा जन्मच मुळात प्लॅटिनमला स्वस्त पर्याय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी झाला, आणि महायुद्धांच्या काळात प्लॅटिनम लष्करी कामासाठी राखून ठेवल्यावर त्याचा प्रसार वाढला. पर्यायाकडून मूळ वस्तूच्या सगळ्या गुणांची अपेक्षा ठेवली की निराशा होते, एवढे आमच्या घरात सर्वांना पटले आहे.

पांढऱ्या रंगाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हिरा जर खरोखर रंगहीन असेल तर पांढऱ्या कोंदणात तो जितका स्वच्छ दिसतो तितका पिवळ्यात दिसत नाही, कारण पिवळ्या नख्यांची छटा खड्यात उतरते. उलट हिऱ्यात थोडीशी पिवळी झाक असेल तर पांढऱ्या कोंदणात ती उघडी पडते आणि पिवळ्या सोन्यात लपून जाते. म्हणजे पिवळे सोने निवडणाऱ्याने हिऱ्याच्या रंगाच्या प्रतीवर जादा पैसे घालवण्याचे कारण नाही. माणिक, पोवळे आणि आपल्या नथीतले मोती यांना मला पिवळ्यावाचून दुसरा रंग कल्पनेतही आणता येत नाही.

गुलाबी सोन्याचा अनुभव मला अनपेक्षितपणे चांगला आला. त्यात साधारण 75 भाग सोने, 22 भाग तांबे आणि उरलेली चांदी असते. हा रंग पूर्णपणे अंगातला, आरपार एकच, म्हणून कितीही झिजले तरी खालून दुसरा रंग डोकावत नाही. तांब्यामुळे ते कठीणही असते आणि रोजच्या घर्षणाला चांगले तोंड देते. तीन वर्षांत ब्रेसलेटचा रंग थोडा गडद झाला आहे, कारण घाम आणि हवा यांनी तांबे काळवंडते, परंतु कोमट पाण्यात रिठे भिजवून मऊ ब्रशने घासले की पहिला ताजेपणा बऱ्याच अंशी परत येतो. पोहण्याच्या तलावात मात्र ते घालून उतरू नये. पाण्यातले क्लोरीन तांबे अधिक असलेल्या सोन्याला बाधते आणि बारीक कड्या ठिसूळ होऊ शकतात. काळ्या मण्यांशेजारी हा रंग कसा दिसेल याची मला शंका होती. पिवळ्या सोन्यात काळे मणी उठून दिसतात तसे ते गुलाबीत दिसत नाहीत, दोन्ही एकमेकांत मिसळून शांत दिसतात, आणि कार्यालयात घालायच्या दागिन्याला मुलीला नेमके तेच हवे होते.

एक तक्रार आहे आणि ती दुरुस्तीची आहे. दीड वर्षापूर्वी ब्रेसलेटची एक कडी लोकलच्या गर्दीत तुटली आणि मुलीने ती घराजवळच्या एका कारागिराकडून जोडून घेतली. त्याने नेहमीचा पिवळा डाख वापरला. जोड पक्का झाला, पण गुलाबी कड्यांमध्ये तो पिवळा ठिपका दुरूनही दिसू लागला. पुढे गुजरीत नेल्यावर तिथल्या कारागिराने तो काढून गुलाबी सोन्याच्याच डाखाने पुन्हा जोड दिला आणि समजावून सांगितले की हे सोने तापवल्यावर सावकाश निवू दिले तर ठिसूळ होते, ते लगेच पाण्यात विझवावे लागते. प्रत्येक गावात प्रत्येक सोनाराला गुलाबी सोन्याचा इतका सराव असेलच असे नाही, आणि पिवळ्या सोन्याच्या बाबतीत ही चिंता कधीच करावी लागत नाही. आखाती देशांत, अमेरिकेत किंवा लहान गावात राहणाऱ्यांनी दुरुस्ती कोठे होईल हे आधीच विचारून ठेवावे.

पाटल्यांविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही, म्हणून त्यांच्या खरेदीचा प्रसंग सांगते, कारण रंग कसा निवडावा हे मी त्या दिवशी शिकले. गुजरीतल्या त्या पेढीवर गादीवर बसलेल्या वयस्कर सराफांनी तीन जोड काढले, गुलाबी कागदातून सोडवले आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "वहिनी, दिव्याखाली बघू नका, पायरीवर चला. सोनं उन्हात बघायचं." दुकानातल्या पिवळसर दिव्यात तिन्ही जोड मला एकसारखे वाटले होते. पायरीवर, सकाळच्या उजेडात, एक जोड लिंबासारखा फिकट, दुसरा हळदीसारखा आणि तिसरा स्पष्ट तांबूस दिसला. तिन्हींवर 22 कॅरेटचाच शिक्का होता. फरक फक्त उरलेल्या सुमारे साडेआठ टक्क्यांत चांदी किती आणि तांबे किती याचा होता. त्यांनी मुलीला हातातले घड्याळ काढून मनगट उन्हात धरायला लावले, माझ्या आईच्या जुन्या बिलवरांशेजारी एकेक पाटली ठेवून दाखवली आणि निवड आमच्यावर सोडली. आम्ही हळदी रंगाचा जोड घेतला, कारण तो बिलवरांशी जुळत होता. ज्या गुलाबी कागदात सराफ सोने गुंडाळतात, त्या कागदावर कोणतेही पिवळे सोने अधिक भरदार दिसते, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले. असा विक्रेता मिळणे हे मी भाग्य समजते.

त्वचेच्या छटेवरून, मनगटातल्या शिरा निळ्या की हिरव्या यावरून रंग ठरवण्याची एक पद्धत आता बरीच सांगितली जाते. आम्ही ती करून पाहिली आणि तिने काहीही ठरले नाही. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णांवर तिन्ही रंग खुलतात. प्रत्यक्षात निवड ठरते ती हातात आधीपासून काय आहे यावरून. ज्या हातात आईच्या 22 कॅरेटच्या बांगड्या कायम असतात, त्या हातात 18 कॅरेटचे पिवळे सोने शेजारी फिकट आणि काहीसे उसने वाटते, तर गुलाबी सोने वेगळेच असल्यामुळे उलट शोभून जाते. रंग मिसळण्यात गैर काहीच नाही. कार्तिए या फ्रेंच पेढीने 1924 मध्ये पांढरे, पिवळे आणि गुलाबी अशी तीन वळी एकमेकांत गुंफलेली अंगठी घडवली, ती आज शंभर वर्षांनंतरही बनते आहे.

पैशांविषयी थोडक्यात. 18 कॅरेटच्या दहा ग्रॅम दागिन्यात सोने साडेसात ग्रॅमच असते, मग रंग कोणताही असो, आणि मोड करताना भावही तेवढ्याचाच मिळतो. ऱ्होडियमच्या थराचे काहीच मिळत नाही. त्याच आकाराचा दागिना 18 कॅरेटमध्ये 22 कॅरेटपेक्षा वजनाला दहा-बारा टक्क्यांनी हलका भरतो, त्यामुळे वजनावरून तुलना करताना गफलत होते. केवळ ठेव म्हणून सोने घेणाऱ्यांनी 22 कॅरेटच्या पिवळ्याच्या पलीकडे जाऊ नये असे मला वाटते. हिऱ्याच्या अंगठीसाठी मात्र 22 कॅरेट फार मऊ, नख्या वाकून खडा पडण्याची भीती असते, आणि तेथे 18 कॅरेटच योग्य.

हॉलमार्कवर पूर्ण विश्वास ठेवावा, पण तो काय सांगतो हे समजून घ्यावे. त्यात भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो; 1 एप्रिल 2023 पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही आणि ब्यूरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो क्रमांक घालून दागिना पडताळता येतो. मी तिन्ही डाग तसे पडताळले आणि तिन्ही बरोबर निघाले. मात्र 18के750 (18 कॅरेट, हजारात 750 भाग सोने) हा शिक्का पांढऱ्या, पिवळ्या आणि गुलाबी तिन्ही सोन्यांवर सारखाच असतो. मिसळलेला धातू निकेल आहे की पॅलेडियम, वर थर आहे की नाही, आणि तो पुन्हा चढवून देण्याची जबाबदारी कोणाची, हे शिक्का सांगत नाही. ते पावतीवर लिहून मागावे लागते. गुजरीतल्या पेढीने ब्रेसलेटच्या पावतीवर रंगाचा उल्लेख स्वतःहून केला होता; पुण्याच्या पावतीवर तो नव्हता.

आज कोणी मला साखरपुड्याच्या अंगठीसाठी रंग विचारला तर मी 18 कॅरेटचे पिवळे सुचवेन, रोज घालायच्या नाजूक वस्तूसाठी गुलाबी, आणि पांढरे फक्त त्यांनाच, ज्यांना दर दीड वर्षाने ते उजळून घेण्याचा कंटाळा येणार नाही.

मुलीची अंगठी गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा खालून पिवळसर दिसू लागली. या वेळी ती गुजरीत नेली आणि नवा थर चढवण्याऐवजी उरलेला थरही काढून टाकायला सांगितले. कारागिराने दोनदा विचारून खात्री केली, नख्या तपासल्या, हिरा घट्ट केला आणि अंगठी घासून दिली. आतून जे सोने निघाले ते दुधावरच्या सायीसारखे आहे, पांढऱ्याच्या जवळचे पण थोडे ऊबदार, आणि आता सगळीकडून एकच. मुलीने ती पायरीवर उन्हात धरून पाहिली, बोटात घातली आणि आम्ही पंचगंगेच्या घाटाकडे चालू लागलो.